पिवळ्या सालीचे दोन वेढे

झाडाची साल काढायची तर जूनमध्येच. त्याआधी ती खोडाला घट्ट धरून बसलेली असते आणि नंतर पुन्हा धरून बसते. मधले दोन-तीन आठवडे खोडात रस भरलेला असतो. तेव्हा वाकड्या सुरीनं दोन उभ्या रेघा मारायच्या, वर-खाली आडवा छेद द्यायचा आणि कडेला अंगठा घालून ओढायचं. केळं सोलावं तशी साल सुटून हातात येते. बाहेरून राखाडी, भेगाळलेली, बुचासारखी मऊ, आणि आतून पिवळीधम्मक. पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून "अगं बाई, हळद!" म्हणतो.

या झाडाचं नाव अमूर कॉर्क. मूळचं ते उत्तर चीन, कोरियाकडचं. तिथे याची वाळवलेली साल शेकडो वर्षं औषधात वापरतात. जुलाब, त्वचेचे विकार, लघवीची जळजळ अशी भली मोठी यादी आहे. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरपासून अर्ध्या तासावर, औषधी वनस्पतींचं एक संशोधनाचं शेत आहे. तिथे मी सत्तावीस वर्षं ही झाडं वाढवली. नागपूरला ॲग्रीकल्चरची पदवी घेतली होती, लग्न होऊन इकडे आले आणि आधी कुंड्या धुवायच्या कामाला लागले. निवृत्त झाले तेव्हा त्या सगळ्या प्लॉटची सुपरवायझर होते. आमच्या मंडळातली आयटीवाली पोरं मात्र शेवटपर्यंत विचारत राहिली, "मावशी, तुम्ही ते गार्डनिंग करता ना?" हो बाबा, करते गार्डनिंग.

हे झाड वाढवणं म्हणजे सतत कशाला तरी घाबरून असणं. साल खोडाभोवती पूर्ण गोल काढली तर झाड उभ्या उभ्या मरतं, म्हणून एका वेळी घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायची नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाच्या मागे मी त्या तीन आठवड्यांत सावलीसारखी उभी असायचे. मादी झाडांना काळी फळं लागतात. ती पाखरांनी नेली की बिया जंगलात पडतात आणि झाड रानभर पसरतं. इथे त्याला उपद्रवी झाडांत धरतात. त्यामुळे उन्हाळा सरत आला की आम्ही फळांच्या घोसांना जाळीच्या पिशव्या बांधायचो. एखादी पिशवी फाटलेली दिसली की माझं जेवण उडायचं.

पण खरी भीती पाखरांची नाही, माणसांची. भारतातून लेकाकडे आलेले एक काका एकदा शेत बघायला आले. बोलता बोलता त्यांनी पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि सरळ तोंडात टाकलं. मी ओरडले, "काका, थुंका!" तर म्हणाले, "औषधी आहे ना? मग काय होतंय?" काही झालं नाही त्यांना, दिवसभर तोंड कडू राहिलं असेल फार तर. पण हे आपल्या माणसांचं ठरलेलं आहे. औषधी म्हटलं की त्यांची भीती जाते. माझी तिथूनच सुरू होते.

ही भीती मला मिसेस लिन यांनी शिकवली. त्या माझ्या आधीच्या सुपरवायझर, चीनमधून आलेल्या. साल कशी ओळखायची, कशी वाळवायची, सगळं त्यांच्या हाताखाली शिकले. एकदा सालीचे गठ्ठे बांधताना त्यांनी मला थांबवून मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं, "सुनंदा, दोन माणसांना ही साल कधी नाही. नवं बाळ, आणि दूध पाजणारी आई. कोणी कितीही मागितली तरी नाही." मी मान हलवली. नंतरच्या वर्षांत मीही हे कितीतरी शिकाऊ लोकांना त्याच सुरात सांगितलं. आणि नेमक्या एका माणसाला सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली ही गोष्ट. आमच्या विहारात येणारी प्रणाली, नागपूरचीच, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला नववा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी तिची आई, शकुंतलाताई, नागपूरहून आल्या होत्या. लेक दिवसभर लॅपटॉपवर, जावई निखिल वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. ताई बिचाऱ्या घरात बसून कंटाळल्या. म्हणून एका शनिवारी मी त्यांना एकटीलाच माझं शेत दाखवायला नेलं.

साल काढणं चालू होतं. ताईंनी एक पट्टी उचलली, नखानं खरवडली, जिभेला लावली. मी ओरडायच्या आत त्या म्हणाल्या, "बाई, ही तर दारुहळद! म्हणजे तिचीच बहीण."

मी बघतच राहिले. कारण त्या चुकल्या नव्हत्या. दारुहळदीचं झाड वेगळं, घराणं वेगळं, पण दोन्हींचा पिवळा रंग आणि कडूपणा एकाच द्रव्याचा. बर्बेरीन म्हणतात त्याला. हे कळायला मला पदवी आणि कितीतरी वर्षं लागली होती आणि या बाईंना जिभेच्या टोकाला कळलं. त्यांची आई गावात बाळंतपणं करायची. वस्तीतल्याही आणि वस्तीला शिवून न घेणाऱ्यांच्या घरातल्याही. तिच्या हाताखाली ताई सगळी मुळं, साली ओळखायला शिकल्या होत्या.

खोटं कशाला बोलू, मी हुरळले. इतक्या वर्षांत आपल्या माणसांतलं कोणी माझ्या झाडासमोर असं डोळे चमकवून उभं राहिलं नव्हतं. शेताचा नियम होता की काडीसुद्धा फाटकाबाहेर न्यायची नाही. मी त्यावर सही केली होती. तरी ताई निघताना मी वीतभर वाळलेली साल कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत टाकली. मिसेस लिन यांचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण इतक्या जाणत्या बाईला आपण काय शिकवायचं, असं वाटलं. त्यांचा आनंद मोडावासा वाटेना. आणि घरात नऊ महिन्यांची गर्भार पोरगी आहे हे मला माहीत होतं. तरीही मी बोलले नाही.

प्रणालीला मुलगी झाली. सहाव्या दिवशी दुपारी मी हळिवाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले. शकुंतलाताईंनी दार उघडलं, "जय भीम, या नं बाई," म्हणाल्या आणि मला सरळ किचनमध्ये घेऊन गेल्या. प्रणाली वर बाळाजवळ पडली होती.

ओट्यावर सहाण होती. बाळगुटी उगाळायची दगडी सहाण, ताईंनी नागपूरहून साडीत गुंडाळून आणलेली. बाजूला वाटीत आईचं काढून ठेवलेलं दूध. हिरडा, वेखंड, जायफळ रांगेनं मांडलेलं. आणि सहाणेवर ओला पिवळा गोल.

"ताई, हे काय?"

"तुम्ही दिलेली साल. पोरगी जराशी पिवळी दिसते नं, डॉक्टर म्हणाले थोडी कावीळ आहे, दूध पाजत राहा. आता काविळीवर दारुहळदीसारखं दुसरं काय आहे? कालपासून गुटीत देते. आधी एकच वेढा देत होती, आज दोन देल्ले. प्रणूच्या काढ्यात तर पहिल्या दिवसापासून आहे."

सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. इतकुसं मोजमाप. मी ओट्याला धरलं.

"बंद करा. ताई, आत्ताच्या आत्ता बंद करा. आजपर्यंत एकूण किती दिलंत?"

"काहून? काय झालं बापा?"

मी सरळ जिना चढले. बाळ पाळण्यात झोपलं होतं. कपाळ पिवळं, छाती पिवळी. मी दुपट्याखालून पाय बाहेर काढले. पोटऱ्याही पिवळ्या. तळव्याला टिचकी मारली तर बाळानं पाय ओढून घेतला नाही, नुसतं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपलं. "फार शांत आहे, मावशी," प्रणाली कौतुकानं म्हणाली. "सकाळपासून उठतच नाहीये दुधाला." सहा दिवसांचं मूल दुधाला उठत नाही, यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. मी तिला म्हणाले, "गाडीत बसा. डॉक्टरकडे जायचं."

गाडी मी चालवली. निखिल माझ्या शेजारी, मागे प्रणाली, बाळ आणि ताई. मला जमेल तसं मी समजावून सांगितलं. कावीळ म्हणजे रक्तात साठलेली पिवळी घाण. ती वाहून न्यायला रक्तात हमाल असतात. ही साल पोटात गेली की तिच्यातलं द्रव्य हमालांच्या खांद्यावरचं ओझं खाली पाडतं आणि स्वतः तिथे चढून बसतं. मग ती मोकळी सुटलेली घाण बाळाच्या मेंदूत शिरू शकते. तपासणीत काविळीचा आकडा मात्र तेवढाच दिसतो.

"शिरली तर काय होतं?" प्रणालीनं विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. बहिरेपण, हातपाय कायमचे वाकडे होणं, आणि त्याहून वाईटही. मी म्हणाले, "आपण वेळेत जातोय."

"आई, तू काय दिलंस तिला?" प्रणालीचा आवाज फाटला. "काय घेऊन आलीस तिकडून?"

आरशात त्यांची आणि माझी नजर भेटली. मी नजर रस्त्यावर वळवली.

निखिल हळूच म्हणाला, "मावशी, डॉक्टरला हे सालीचं सांगायचं नाही, प्लीज. इथे लगेच रिपोर्ट करतात यार. सोशल सर्व्हिसवाले घरी येतील. आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. उद्या बाळच घेऊन गेले तर?" मला त्याचा राग येत नाही. परक्या देशात कागदांवर जगणाऱ्या माणसाला ही भीती चोवीस तास असते. मी त्याला म्हणायला हवं होतं की वेड्या, न सांगितलं तर मूल जाईल. मी म्हणाले, "आधी आकडा तर बघू." माझी सही होती ना शेताच्या कागदावर. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती, हसरी. टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. बाळ जेमतेम रडलं. आम्ही पाच माणसं त्या लहानशा खोलीत आकड्याची वाट बघत बसलो. भिंतीवर ससे रंगवले होते. प्रणाली बाळाच्या कानाशी सारखं "उठ ना सोना, उठ ना" करत होती. मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही, कारण तिथे माझा हात नव्हता.

आकडा आला. डॉक्टरनं स्क्रीनवरचा आलेख आमच्याकडे वळवून दाखवला. एक वाकडी रेघ, आणि तिच्या किंचित खाली आमच्या बाळाचा ठिपका. रेघेच्या वर गेलं तर ॲडमिट करायचं. "तुम्ही लाइनच्या खाली आहात," ती म्हणाली. "घरी जा, दर दोन तासांनी उठवून पाजा, उद्या सकाळी पुन्हा या."

निखिलनं सुस्कारा सोडला. "थँक यू, थँक यू," म्हणत उठला. प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. ती रेघ दुसऱ्या बाळांसाठी होती. ज्यांच्या पोटात ही साल गेली नाही त्यांच्यासाठी. डॉक्टरला हे ठाऊक नव्हतं आणि माझे ओठ उघडत नव्हते. आत्ता बोलते, आत्ता बोलते असं मनात म्हणत मी पर्सचा बंद धरून बसले होते.

शकुंतलाताई उठल्या. कमरेची पिशवी सोडली, कागदाची पुडी काढली आणि डॉक्टरच्या टेबलावर उलगडून ठेवली. उगाळून एका टोकाला झिजलेली पिवळी साल.

"मी देल्लं," त्या डॉक्टरकडे बघून मराठीत म्हणाल्या. "पोरीला. दोन दिवस. आणि हिला काढ्यातून, सहा दिवस." मग माझ्याकडे वळल्या. "सांगा नं बाई, इंग्लिशमध्ये."

मी सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर भराभर सांगितलं. द्रव्याचं नाव, ते काय करतं, आकड्यावर विसंबायचं का नाही, सगळं. डॉक्टरचं हसू गेलं. तिनं फोन उचलला, मग दुसरा फोन केला आणि फोन कानाला असतानाच मला विचारलं, "आजीला हे कुठून मिळालं?"

मी काय केलं असेल? मी तो प्रश्न मराठीत शकुंतलाताईंना विचारला. जसं काही मला माहीतच नव्हतं.

ताईंनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. म्हणाल्या, "नागपूरहून आणलं म्हणून सांगा."

मी वळून डॉक्टरला म्हणाले, "फ्रॉम इंडिया." तिनं ते लिहून घेतलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाळाला हॉस्पिटलमध्ये हलवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्ताच्या आणखी तपासण्या झाल्या. प्रणालीचं दूध काही दिवस बंद. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. ते म्हणाले, आज घरी नेलं असतंत तर उद्याची सकाळ कशी असती हे मी सांगू शकत नाही. एक सोशल वर्करबाईही आली, अर्धा तास बोलली, एक पत्रक देऊन गेली. ना केस, ना पोलीस. निखिल तिच्यासमोर पूर्ण वेळ उभाच राहिला होता. चौथ्या दिवशी बाळ खणखणीत रडलं आणि नर्ससुद्धा हसल्या. पुढे कानाच्या, मेंदूच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. आज यशोधरा, म्हणजे आमची यशू, तीन वर्षांची आहे आणि मला "मावशीआजी, यू आर सो स्लो" म्हणते.

पण त्या घरात नंतरचे दिवस फार वाईट गेले. प्रणालीनं आईला बाळाला एकटीनं घेऊ दिलं नाही. आंघोळ नाही, मालिश नाही. ताईंनी हात पुढे केला की म्हणायची, "आई, राहू दे." सहाण तिनं गराजमध्ये नेऊन ठेवली. आणि आईचं तिकीट सहा आठवडे अलीकडे घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गेले ती ठरवूनच. प्रणालीला सांगायचं, साल माझी, शेतातली, मी दिली आणि बजावलं नाही. ताई खाली बॅग भरत होत्या. मी त्यांना म्हणाले, "वर जाऊन सांगून येते तिला."

त्यांनी माझा हात धरला. "नका सांगू."

"ताई, तुम्ही काहून माझं ओझं घ्यावं? मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं."

"माझ्यावर रागावली तरी मी तिची मायच राहते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर रागावली तर इथे तिचं कोण आहे? उद्या पोरीला ताप आला, ही आजारी पडली, तर कोणाला फोन करेल? मी तर विमानात बसून चाललीच आहे. राहू द्या माझ्यावर." आणि पुन्हा साडीच्या घड्या घालायला लागल्या.

मी गप्प राहिले. आजही मला धास्ती वाटते ती याची, की गप्प राहणं मला किती सोपं गेलं. घरी आले तेव्हा हायसं वाटत होतं. काही महिन्यांनी मानानं निवृत्त झाले, फुलांचा गुच्छ, केक सगळं झालं. प्रणालीला ताप आला, यशू पडली, दोघांना ऑफिसला जायचं असलं की फोन मलाच यायचा, आणि मी धावत जायचे. तीन वर्षांत मी त्या घरची झाले. ताई व्हिडिओ कॉलवर दिसायच्या. "कशा आहात बाई?" विचारायच्या. मी "मजेत" म्हणायचे.

या उन्हाळ्यात प्रणालीनं सांगितलं, दुसरं बाळ येतंय. मी म्हटलं, "आईला बोलावून घे." तर तिचा चेहरा बंद झाला. "आईला नाही. मी पुन्हा ती रिस्क घेणार नाही. मावशी, बाळंतपणाला तुम्हीच येऊन राहाल का? माझा तुमच्यावरच विश्वास आहे."

मी तिथेच, तिच्या किचनमध्ये, सगळं सांगितलं. शेत, कागदाची पुडी, मिसेस लिन यांचं न बोललेलं वाक्य, गाडीतला आरसा, फ्रॉम इंडिया. माझं झाल्यावर तिनं फक्त विचारलं, "आईला सगळं माहीत होतं?" मी हो म्हणाले. वाटलं, आता ही मला दार दाखवेल. तिनं फोन उचलला, नागपूर लावलं आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही सांगा तिला," म्हणाली.

"हॅलो, प्रणू? बरी आहेस नं?" ताईंचा आवाज आला.

"मी बोलतेय, ताई. सुनंदा. मी प्रणालीला सांगितलं. सगळं."

मला वाटलं, आता रागावतील. मग त्यांनी अगदी हळू, पोरीनं विचारावं तसं विचारलं, "मग... येऊ का मी?"

मी फोन प्रणालीला दिला.